अकरा दिवसांचे वेळापत्रक

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले आणि सोबतचा वेळापत्रकाचा कागदही मिळाला. पहाटे ४ पासून रात्री १० पर्यंतचे रकाने आखून प्रत्येक तासापुढे तू एकेका थोर व्यक्तीचे नाव लिहिले आहेस: लेखन कोणासारखे, फिरणे कोणासारखे, व्यायाम कोणासारखा. तीन रंगांची शाई आणि पट्टीने मारलेल्या रेघा पाहता त्या कागदावर तुझी एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली असणार. हे सारे अकरा दिवस चालले, बाराव्या दिवशी मोडले, आणि आता ‘ती माणसेच वेगळ्या मातीची होती’ असे तू लिहितोस. तुझे हे एकच वाक्य मला पटलेले नाही आणि त्याच्यासाठीच मी एवढे लांब पत्र लिहायला बसले आहे.

चरित्र वाचताना आपल्या लक्षात राहते ती सवय. ती सवय ज्या दुखण्यावरचे औषध म्हणून लागली, ते दुखणे मात्र आपण वाचता वाचता ओलांडून जातो. पहाटेच्या रकान्यात तू ज्यांना बसवले आहेस त्या अँथनी ट्रॉलप यांचेच पाहा. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःवर दंडक घालत. हे तुला ठाऊक आहे. पण हेच गृहस्थ तरुणपणी त्याच खात्यात उशिरा येणारा, बेभरवशाचा कारकून म्हणून ओळखले जात आणि त्यांची नोकरी सदैव टांगणीला लागलेली असे, हेही त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. ज्याला स्वतःचा भरवसा आहे, तो समोर घड्याळ कशाला मांडून बसेल? आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली, ती आई म्हणून मला लगेच दिसली. पहाटे त्यांना उठवून कॉफी देण्याचे काम घोड्यांची निगा राखणाऱ्या एका म्हाताऱ्या नोकराकडे होते आणि त्यासाठी ट्रॉलप त्याला वर्षाला ५ पौंड जादा देत. आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा या माणसाला अधिक आहे, असे ते म्हणतात. तुझ्या वेळापत्रकात हाक मारणाऱ्यासाठी रकाना नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांची वही तर मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. त्यांनी तेरा गुणांची यादी केली, प्रत्येक गुणाला एक पान दिले, पानावर सात वारांचे सात रकाने आखले आणि चूक झाली की त्या जागी काळा ठिपका द्यायचे ठरवले. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. आता गंमत पाहा. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून काढता काढता त्या वहीच्या पानांना भोके पडली. शेवटी त्यांनी हस्तिदंती पाने असलेली टिपणवही घेतली, तिच्यावर लाल शाईने कायमच्या रेघा मारल्या आणि ठिपके शिसपेन्सिलीने देऊ लागले, म्हणजे ओल्या स्पंजाने पुसता येतील. पुसण्याची सोय आधीच करून ठेवणारा हा माणूस आपण पुन्हा चुकणार हे पक्के जाणून होता. त्यातही टापटीप हा गुण त्यांना सर्वांत जड गेला. वयाच्या ७९व्या वर्षी या प्रयोगाविषयी लिहिताना, टापटिपीच्या बाबतीत आपण जवळजवळ सुधारण्यापलीकडचे निघालो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. तू बाराव्या दिवशी कागद गुंडाळलास. त्यांनी वही बदलली.

तत्त्वज्ञ कांट फिरायला निघाले की शेजारी आपली घड्याळे लावून घेत, ही कथा तू मोठ्या कौतुकाने लिहिली आहेस. मी ती सोडून देते, कारण तिच्यातून वक्तशीरपणाच्या धाकापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

लोकमान्य टिळकांचा व्यायाम तू रोजच्या अर्ध्या तासात बसवला आहेस, तो मला मुळातच पटला नाही. डेक्कन कॉलेजात आले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती, हे त्यांनी ओळखले आणि पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्याला दिले. एका वेळी एकच उणीव हाती घ्यायची आणि तिच्यासाठी दुसरे काही सोडायचे, हा तो हिशेब होता. पुढे १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, मधुमेह सोबतीला होताच, आणि तशा स्थितीत त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. तू सात माणसांच्या सात सवयी एकाच सोमवारी सुरू केल्यास आणि त्यांच्या बदल्यात काहीच सोडले नाहीस.

आता डार्विन. यांच्याविषयी मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते माझ्या विशेष आवडीचे आहेत. प्रकृती सतत बिघडलेली असल्यामुळे मन लावून काम करण्याचे त्यांचे तास फार थोडे असत: सकाळी ८ ते साडेनऊ आणि पुन्हा साडेदहापासून दुपारी १२ च्या सुमारापर्यंत. तेवढे झाले की ‘आज चांगले काम झाले’ असे म्हणून ते उठत. घराच्या आवारातच त्यांनी फिरण्यासाठी एक वाट करून घेतली होती. वाटेच्या कडेला गारगोट्यांचा ढीग असे आणि फेरी पुरी झाली की त्यातली एक पायाने बाजूला सारायची, म्हणजे डोक्यात विचार चालू असताना फेऱ्या मोजण्याचा भार नको. रात्री पत्नी एमा यांच्याशी बॅकगॅमन या सोंगट्या-फाशांच्या खेळाचे दोन डाव होत आणि त्यांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवलेला असे. १८७६ साली एका मित्राला त्यांनी आपण २,७९५ डाव जिंकल्याचे आणि बिचाऱ्या एमाने २,४९० च जिंकल्याचे अगदी लहान मुलाच्या आनंदाने कळवले आहे.

पण मी उचलली ती सवय वेगळीच आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली किंवा सुचली की ती तत्काळ लिहून ठेवायची, असा त्यांचा कटाक्ष होता, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा असल्या गोष्टी मनातून लवकर निसटतात असा त्यांचा अनुभव होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपली स्मरणशक्ती आपल्याच बाजूने लबाडी करते हे ओळखावे आणि तिच्यावर पहारा म्हणून एक पेन्सिल बसवावी, हे मला फार मोलाचे वाटते.

तुझ्या वयाची असताना मीही एक चरित्र वाचून पहाटे ४ वाजता उठण्याचा नेम धरला होता. दुसऱ्याच आठवड्यात दुपारच्या वेळी टेबलावर डोके टेकून झोपलेली मी वरिष्ठांना सापडले आणि नेम तिथेच संपला. माझी अडचण झोपेची नव्हतीच. माणसांविषयी चटकन मत बनवायचे आणि मग त्याला धरून बसायचे, हा माझा दोष. पहाटे उठून तो कसा जाणार होता? तो कळायला पुढे बरीच वर्षे गेली, आणि कळल्यावर डार्विनची ती सवय आपोआप जवळची वाटली. तेव्हापासून एक छोटी वही मी हाताशी ठेवते आणि माझा अंदाज चुकला की तारखेसह दोन ओळी लिहिते. मधूनमधून महिनेच्या महिने कोरे जातात. त्या काळात माझे अंदाज बरोबर आले असावेत, असे समजण्याचे काही कारण नाही.

कालच तिच्यात एक नोंद केली आहे. तू वेळापत्रक आखतो आहेस असे फोनवर सांगितलेस, तेव्हा हे चार दिवसांपलीकडे जाणार नाही असे मी तुझ्या बाबांना म्हणाले होते. अकरा दिवस गेले.

तुझी
आई