आधी विचारा, मग भरा

संपादक महोदय,

फोनमधील जागा मोकळी कशी करावी, याचे उपाय आपल्या पुरवणीत वाचले. फोटो हलवा, कॅशे साफ करा, नको असलेली ॲप्स काढा. पण जी काढताच येत नाहीत, त्यांचे काय? बाबांच्या फोनमध्ये कंपनीनेच शेअर बाजाराचे एक ॲप घालून दिले होते. बाबांनी आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही. काढायला जावे तर 'अनइन्स्टॉल'ऐवजी नुसते 'डिसेबल'.

अशी ॲप्स अँड्रॉइडच्या सिस्टिम विभागात बसवलेली असतात आणि तिथले काही खोडायची मुभा आपल्याला नसते. वर त्यांचे अपडेट आले की नवी प्रत आपल्या वाट्याच्या जागेत उतरते. जुनी तिकडे तशीच. न बोलावलेल्या पाहुण्याला दोन खोल्या!

मी सॉफ्टवेअरवर पोट भरतो. शेवटी चार रविवार खर्ची घालून लिनिएजओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या प्रणालीच्या खुल्या कोडवरून बाबांसाठी फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, तयार केले. आत काय जाणार याची यादी 'मेकफाइल' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये असते. बाबांनी त्यांची यादी पाठकोऱ्या कागदावर दिली: फोन, मेसेज, कॅमेरा, रेडिओ, कॅल्क्युलेटर. बाकीची नावे मी उडवत गेलो. पहिल्याच दिवशी बाबांनी फोटो काढला, कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर बोट ठेवले, आणि काहीच उघडेना. "अरे, फोटो गेला कुठे?" फोटो होता, गॅलरी मी उडवली होती. कागदावर नव्हती ना! 'वेबव्ह्यू' (ॲपच्या आत वेबपाने दाखवणारा भाग) या बिनकामाच्या वाटणाऱ्या नावावर मात्र सुदैवाने हात चालवला नाही. ते नसेल तर कितीतरी ॲप्स उघडताक्षणी कोसळतात.

म्हणून सरसकट सगळे काढू द्या, असे मी म्हणत नाही. नवा फोन सुरू करताना भाषा विचारतात, वाय-फाय विचारतात. तिथेच ॲप्सची यादीही दाखवावी. प्रत्येकापुढे आकार आणि 'हे नसेल तर काय अडेल' याची एक ओळ. टिक केलेले तेवढेच बसवावे, तेही पुढे काढता येईल अशा जागी. यात अवघड काही नाही. हौशी लोकांनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्त्यांत, म्हणजे रॉममध्ये, 'अरोमा' इन्स्टॉलर अशा चौकटी दशकापूर्वीच दाखवत असे. युरोपीय संघात ७ मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना, अत्यावश्यक सोडून, आधीच भरलेली ॲप्स काढू द्यावी लागतात. चांगलेच आहे, पण तेही भरून झाल्यावर.

'मग ज्याने त्याने तुमच्यासारखे करावे,' असे एक सहकारी म्हणाला. पण त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. तसे करताना फोनमधले सगळे पुसले जाते आणि नंतर बँकांची काही ॲप्स चालायला नकार देतात. बाबांचे त्यातलेच निघाले. आता पैसे पाठवायचे झाले की ते आईचा फोन मागतात. तिच्या फोनमध्ये शेअर बाजाराचे ॲप अजून आहे.

– एक वाचक