चौथऱ्यावरच्या इंजिनाच्या पोटात पाणी साचलंय : रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मूर्तिजापूरची नॅरोगेज लोको शेड आणि विदर्भात उरलेली कोळशाची इंजिनं

महोदय,

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला नावाची नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे ब्रॉडगेज (रुंद रुळांची) व्हावी, ही वऱ्हाडाची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. कारंज्याहून किंवा दर्यापूरहून दवाखान्यात निघालेल्या माणसाला झुकझुक गाडीची हौस परवडत नाही. त्या मागणीच्या आडवं आम्हाला यायचं नाही. रूळ उचलायला माणसं येण्याआधी इंजिनं ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या लोको शेडचं आणि तिथल्या इंजिनांचं काय करायचं, एवढाच या पत्राचा विषय आहे. भंगाराच्या यादीत वस्तूचं वजन लिहितात. ती कशाला लागायची हे लिहायला रकाना नसतो.

हा मार्ग किलिक-निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीवर आणायचा, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरला, असं त्यामागचं सरळ गणित. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगीच राहिली, गाडी मात्र सरकारी रेल्वेने चालवली. त्याच मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं कोळशाचं इंजिन १९२३ पासून इथे राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला सेवेतून उतरलं. तोवर मँचेस्टरच्या बहुतेक गिरण्या बंद पडून गेल्या होत्या, हे जाता जाता.

अकोला ते मूर्तिजापूर अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात तिन्ही गेज पाहायला मिळत : १६७६ मिलिमीटरची ब्रॉड, अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी १००० ची मीटर आणि मूर्तिजापूरची ७६२ ची नॅरो. फाटकाजवळ गाड्या बघत उभी राहणारी पोरं इंजिनावरची अक्षरं याच भागात शिकायची. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे नॅरो. पुढचं पी पॅसेंजरचं, जी गुड्सचं, एल हलक्या लाइनीचं. इंजिन दिसायच्या आधी आवाजावरून ओळखायची पैज लागायची, आणि त्यात नुसता अंदाज नसायचा. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी ढकलणार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके. चारही सारखे पडले तर सिलिंडरला वाफ सोडणारे व्हॉल्व्ह जाग्यावर आहेत. एक ठोका लंगडा पडला की कुठेतरी सेटिंग हललंय किंवा पिस्टनची रिंग गेली आहे. पोरांना जे ऐकू यायचं तेच फिटरला वहीत लिहावं लागायचं.

आता मुख्य मुद्दा. इंजिन जपायचं म्हणून आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे : स्टेशनाबाहेर चौथरा बांधायचा, क्रेनने इंजिन ठेवायचं, काळा रंग, चाकांना पांढरी किनार, रॉडांना चंदेरी, भोवती साखळी. उद्घाटनाच्या दिवशी ते झकास दिसतं. दहा पावसाळ्यांनी त्याच्या बुडाला बोट लावलं तर बोट आत जातं.

असं का होतं ते सांगतो. धुराडं वरून उघडं असतं, पाऊस सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या पेटीत, पडतो. तिथे शेवटच्या फेरीची काजळी आणि अर्धवट जळलेला कोळसा तसाच पडलेला असतो. कोळशात गंधक असतं. ओल लागली की त्याचं आम्ल होतं आणि तळाचा पत्रा आतून खातं. बाहेर रंग शाबूत राहतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. दुसरी जागा बॉयलरच्या कपड्याखालची. बॉयलरवर उष्णता धरून ठेवायला गादी असते, तिच्यावर पातळ पत्रा. सांध्यांतून पाणी शिरलं की गादी बोळ्यासारखी ते धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात पत्रा हाताला भाजत असला तरी खालचं पोलाद ओलंच राहतं. जुन्या इंजिनांत ही गादी बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसची असते. ती कोरडी असताना ओरबाडू नये, पाण्याने भिजवून, तोंडाला योग्य मास्क लावून, बंद पिशव्यांत काढावी. भंगारवाल्याच्या पोरांनी ती हाताने फाडू नये.

तिसरी जागा फायरबॉक्सच्या बुडाशी. भट्टीच्या चारी अंगांनी पाण्याची अरुंद पोकळी असते आणि तिच्या तळाला वर्षानुवर्षांचा गाळ बसतो. शेवटच्या दिवशी पाणी सोडून दिलं तरी गाळ उरतो, आणि तो ओल सोडत नाही. वॉशआउटचे, म्हणजे बॉयलर आतून धुण्याचे, प्लग काढून गाळ खरवडून, आतून कोरडी हवा फिरवल्याशिवाय बॉयलर रिकामा झाला असं म्हणता येत नाही.

आणि रंग. फायरबॉक्सची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे, म्हणजे आडव्या सळ्या, एकमेकींना धरून ठेवतात. अनेक स्टेंच्या टोकाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. स्टे आतून तुटला की त्या भोकातून वाफेची शीळ निघते, म्हणजे बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. सुशोभीकरणात ही भोकं पहिल्याच हाताला बुजतात. बॉयलरमेकर लहान हातोडीने एकेक स्टे ठोकत जातो. चांगला स्टे टणकन वाजतो, तुटलेला मडक्यासारखा बद्द. हा फरक शब्दांत कितीही लिहिला तरी कानाला शिकवायला शेजारी माणूस लागतो. ती माणसं आता थोडी राहिली आहेत, आणि जी आहेत ती म्हातारी आहेत.

मूर्तिजापूरचीच शेड का, असं आपले अधिकारी विचारतील. त्याचं उत्तर पाण्यात आहे. मूर्तिजापूर, दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. इथलं भूजल माणसाच्या जिभेला खारट आणि बॉयलरला त्याहून वाईट. चुन्याच्या क्षारांचा थर बॉयलरमधून भट्टीचा धूर नेणाऱ्या नळ्यांवर बसतो आणि उष्णता पाण्यात जाऊ देत नाही. मिठासारखे विरघळलेले क्षार थर धरत नाहीत, ते पाण्याला फेस आणतात. ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडायचा दांडा, एकदम उघडला की फेस उसळतो आणि वाफेसोबत पाणी सिलिंडरमध्ये जातं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की सिलिंडरचं झाकण फुटतं नाहीतर रॉड वाकतो. धुराड्यातून काळं पाणी उडायला लागलं की ही वेळ आली असं समजायचं : रेग्युलेटर आवळायचा, सिलिंडरमधलं पाणी सोडायचे ड्रेन कॉक उघडायचे. इलाज आधीच करायचा असतो. बॉयलर शांत उभा असताना ब्लो-ऑफ कॉक काही सेकंद उघडून तळचं दाट पाणी सोडायचं, तेवढंच ताजं घ्यायचं, आणि सोडा अ‍ॅशचा डोस पाणी तपासून ठरवायचा. वॉशआउट इतरत्र दहा-पंधरा दिवसांनी चालत असेल, तर अशा पाण्यावर त्याहून लवकर. खाऱ्या पाण्यावर वाफेचं इंजिन कसं चालवावं याची शाळा काढायची झाली तर ती खारपाण पट्ट्यातच काढावी लागेल.

इंजिन जिवंत ठेवायचं म्हणजे काय, हेही मंत्रालयातल्या फायलीत कुठेतरी नोंदलं जावं म्हणून थोडक्यात लिहितो. थंड इंजिन पेटवण्याआधी रेग्युलेटर बंद, पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्सर मधोमध, हँडब्रेक आवळलेला, ड्रेन कॉक उघडे. मग पाणी. बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, ती दिसते सारखीच. या एका घोळाने बॉयलर गेले आहेत. म्हणून कॉक फिरवून काच वाहती करून बघायची, पाणी पडून पुन्हा आपल्या पातळीला चढलं तरच खरं. काचेमागे तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लावतात. जिथे पाणी आहे तिथे त्या पट्ट्या उलट्या तिरप्या दिसतात, रिकाम्या भागात जशाच्या तशा. अर्धी काच पाणी पुरे, कारण तापल्यावर ते फुगून वर येतं.

जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर बाभळीची फाकं, तेलात भिजवलेल्या चिंध्या. डँपर, म्हणजे भट्टीखालची हवेची झडप, उघडा. पहिले दोन तास लाकडावरच काढायचे, घाई करायची नाही. भट्टी आणि नळ्या आधी तापतात, बाहेरचं पोलाद मागून. ओढ असमान पडली की नळ्यांची टोकं गळतात आणि स्टे तुटतात. लहान नॅरोगेज इंजिनालाही वाफ धरायला चार-पाच तास द्यावेत, मोठ्या ब्रॉडगेजला त्याहून बरेच जास्त. चंद्रपूर-वणीचा कोळसा जवळचा, पण त्यात राख फार. जाड आग केली की राख वितळून क्लिंकरची पोळी धरते, हवा अडते आणि दाब उतरत जातो. आग पातळ ठेवायची, कोळसा मुठीएवढा फोडून थोडा थोडा टाकायचा. किलोभर कोळशाला पाच-सहा लिटर पाण्याची वाफ होते. यावरून टँकर किती आणि कोळसा किती हे कोणालाही मांडता येईल.

भट्टीच्या छताला शिसं भरलेला प्लग असतो. दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाबाला पाणी साधारण १८४ अंशांवर असतं आणि शिसं वितळतं ३२७ ला. छतावर पाणी आहे तोवर प्लग सुरक्षित. पाणी उतरलं की शिसं वितळून वाफ भट्टीत उतरते आणि धोक्याचा इशारा देते. प्लगवर क्षारांचा थर बसला तर मात्र हा राखणदार झोपतो. म्हणून प्रत्येक वॉशआउटला तो काढून घासावा, पुन्हा खारं पाणी आलंच.

हे सगळं देशात आजही होतं. रेवाडीची १८९३ ची स्टीम शेड आपल्याच खात्याची, तिथे इंजिनं पेटतात. निलगिरीच्या रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने वाफेची नवी इंजिनं बांधली. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. म्हणजे कसब, कारखाना आणि जागा, तिन्ही रेल्वेकडे आहेत. मूर्तिजापूरला लागणार ते इतकंच : शेड, राखेचा खड्डा आणि पाण्याची टाकी पाडू नये, शेडलगत एक-दोन किलोमीटर नॅरोगेज रूळ राहू द्यावा, आणि ज्या इंजिनाचा बॉयलर बरा निघेल ते एक चालू करावं. बॉयलर बरा की वाईट हे रंगावरून ठरवू नये. अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजावी, जुन्या नळ्या काढून टाकाव्यात, आणि कामाच्या दाबाच्या दीडपट पाण्याचा दाब देऊन तपासावं. या चाचणीत नापास झालं तर ते उभंच ठेवावं, ओढूनताणून पेटवू नये. शेडच्या भिंतीत उगवलेले पिंपळ मात्र मुळासकट काढावेत. वरून छाटले की दुप्पट जोमाने येतात.

पोरांना बघायला जागा ठेवणार असाल तर ती सिलिंडरसमोर ठेवू नका. ड्रेन कॉक उघडले की तिथून वाफ आणि उकळतं पाणी बाजूला फेकलं जातं. कॅबच्या रेषेत, रुळापासून आठ-दहा मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला कठडा बांधा. तिथून भट्टीचं दार उघडलेलं दिसतं, आणि पोरांना तेच बघायचं असतं.

बाकीचं ठरायला वर्षं लागतील हे आम्हाला कळतं. एक काम मात्र येत्या पावसाळ्याआधी होऊ शकतं. विदर्भात चौथऱ्यांवर आणि शेडांत उभ्या असलेल्या प्रत्येक कोळशाच्या इंजिनाची स्मोकबॉक्स उघडून काजळी काढावी, तळाचे सगळे कॉक उघडे ठेवावेत आणि धुराड्याला झाकण बसवावं. दोन मिलिमीटरचा पत्रा पुरतो. झाकण धुराड्यापेक्षा चार बोटं मोठं असावं, वरून उतार द्यावा, आणि हवा खेळायला खाली बोटभर फट सोडावी. घट्ट बसवलं तर आतली ओल आतच राहील.

आपले,
लोको शेडचं काम जाणणारे वऱ्हाडातले रहिवासी