घरच्या स्टुडिओत प्रीसेटआधी तानपुरा ऐकायला शिकवा

मा. संपादक महोदय,

‘घरबसल्या म्युझिक प्रॉडक्शन शिका’ अशा जाहिराती आता संगीतवर्गांच्या दारांवरही दिसू लागल्या आहेत. मी सांगलीत गेली २२ वर्षे गायन आणि हार्मोनियम शिकवते आणि अलीकडे विद्यार्थ्यांचे गायन-वादन घरातल्याच एका खोलीत ध्वनिमुद्रितही करते. त्यामुळे या नव्या शिक्षणाचे मला मनापासून स्वागत आहे. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, रीपर हे तसलेच दुसरे सॉफ्टवेअर ६० दिवस पैसे न भरता वापरून पाहता येते आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी) व एक बरा मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर २४ बिटांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण घरी होऊ शकते. माझी तक्रार आहे ती शिकवण्याच्या क्रमाविषयी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअरमधली बटणे, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची आवाज-संस्काराची साधने) आणि प्रीसेट, म्हणजे त्या साधनांच्या आधीच बेतलेल्या तयार जुळण्या, तोंडपाठ असतात. मात्र मायक्रोफोन कुठे ठेवायचा, खोलीचा आवाजावर काय परिणाम होतो आणि आपल्या वाद्याचा नाद मुळात कसा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यातले बहुतेक प्रीसेट ड्रम, गिटार आणि पाश्चात्त्य गायन समोर ठेवून बनवलेले असतात, याचीही त्यांना कल्पना नसते.

गेल्या वर्षी अकरावीतला एक विद्यार्थी एका खासगी वर्गाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून स्वतःच्या तबलावादनाचे ध्वनिमुद्रण घेऊन आला. हात तयारीचा होता, लेव्हलही योग्य होती, तरी ऐकताना कोणी लाकडी खोक्यावर थापा मारत आहे असे वाटत होते. प्रत्येक ‘धा’नंतर डग्ग्याचा घुमारा उमटतो न उमटतो तोच तुटत होता. ट्रॅक उघडल्यावर कारण कळले. त्यावर ड्रम किटचा प्रीसेट लावलेला होता आणि त्यातला नॉइज गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करत होता. शेजारच्या ड्रमचा आवाज भलत्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून ड्रमवाल्यांना हा गेट उपयोगी पडतो. तबल्यावर लावला की तो आसच, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा नादच, कापून टाकतो. त्याच प्रीसेटमधल्या इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे उंच-मधले-खालचे भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, मधल्या पट्ट्यातला आवाजही बराच खाली आणला होता. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की, साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, पण आपल्या वाद्यांवरच्या शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, ते मूळ स्वराच्या पटीत येतात. म्हणून तर तबला षड्जाला मिळवता येतो. त्या उपस्वरांचीच काटछाट झाल्यावर तबला सुरात कसा बोलणार? मी त्या मुलाला गेट आणि इक्वलायझर दोन्ही काढायला लावले, एकच मायक्रोफोन तबला-डग्ग्याच्या मधोमध, वरून सुमारे दीड हात अंतरावर धरला आणि पुन्हा वाजवायला सांगितले. ‘तिरकिट’ची अक्षरे सुटी आली, डग्ग्यावरची मींड शेवटपर्यंत ऐकू आली. मग तोच मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणून खर्ज कसा फुगतो तेही त्याला ऐकवले. अर्ध्या तासाचे काम होते.

गायनात हे नुकसान अधिक खोलवर जाते. अँटारेस कंपनीचे ऑटो-ट्यून १९९७ साली आले आणि आज स्वर दुरुस्त करण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये हाताशी असते. ती बारा स्वरांवर ठेवली की गायकाचा स्वर जवळच्या पट्टीवर ओढला जातो. दरबारी रागातला आंदोलित कोमल गंधार त्या बारांपैकी कोणत्याच पट्टीवर स्थिर उभा नसतो. तो हलतो म्हणूनच दरबारीचा असतो. सॉफ्टवेअर त्या आंदोलनाला चूक समजते आणि मींडेच्या जागी पायऱ्या तयार करते. शुद्ध गंधाराचीही तीच कथा आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार, सप्तकाचे १२०० सेंट धरल्यास, षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ४०० वर. जुळलेल्या तानपुऱ्यावर नेमका गंधार लावणाऱ्या मुलीला पडद्यावर ‘१४ सेंट उतरलेला’ असा शेरा मिळतो आणि ती बिचारी गळा चढवू लागते. हार्मोनियमच्या पट्ट्याही अशाच समान भागांवर मिळवलेल्या असतात, त्यामुळे ती शिकवणारी म्हणून हा पेच मला रोजचा आहे. पण हार्मोनियम निदान गायकाचा गळा पकडून ओढत नाही.

खोलीबद्दल तर कोणी बोलतच नाही. आपल्याकडच्या असंख्य घरांत सरावाची खोली दहा बाय दहाची असते आणि उंचीही जवळपास तेवढीच. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज आणि त्याच्या पटीतले आवाज साचून राहतात. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांचा साठा त्याच हर्ट्झवर एकत्र येतो. कोपऱ्यात डग्गा ढणढणतो, खोलीच्या मध्यावर त्याचा खर्ज बसतो. मुले कोपऱ्यात बसून ऐकतात, सॉफ्टवेअरमध्ये खर्ज कापतात आणि दुसऱ्याच्या घरी तेच ध्वनिमुद्रण पोकळ वाजते. यावर उपाय म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत पडली आहे. त्यांनी खर्जाला काहीही फरक पडत नाही. शिवाय ते कागदी लगद्याचे असल्याने पेटतातही चटकन. त्यापेक्षा कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या कराव्यात, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्यात आणि बसण्याची जागा दोन-तीनदा बदलून ऐकावे. खर्जाचा प्रश्न त्याने पुरता सुटत नाही, पण फरक स्पष्ट कळतो.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. माझ्या एका विद्यार्थिनीला ती शिकत असलेल्या अशाच एका वर्गात ‘तुझी लय कच्ची आहे’ असे सांगण्यात आले, कारण हेडफोन लावून गाताना ती प्रत्येक वेळी मागे पडत होती. सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा, १०२४ वर ठेवलेला होता. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला त्याचा उशीर जाता-येता मिळून ४० मिलिसेकंदांहून अधिक होतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत मात्रेला चार अक्षरे घेतली तर एका अक्षराच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात, म्हणजे तिचा स्वतःचा आवाज तिला जवळजवळ एक अक्षर उशिरा ऐकू येत होता. बफर १२८ वर आणल्यावर ती समेवर नेमकी आली. तोपर्यंत दोन महिने तिने तान घेणेच सोडले होते.

पंडित भातखंडे यांनी शंभर वर्षांपूर्वी संगीतशास्त्राची चर्चा गुरुशिष्यांच्या संवादातून, मराठीतच केली होती. आस, जवारी (तानपुऱ्याच्या घोडीवर तारेला मिळणारा झणत्कार), घुमारा, खर्ज हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत आणि ध्वनिमुद्रण शिकवायला ते पुरेसे नेमके आहेत. माझी विनंती अशी की, संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी आणि मोठ्या संगीतवर्गांनी आपल्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाचा एक छोटा मराठी अभ्यासक्रम तयार करावा. त्याच्या पहिल्या धड्यात एकच तानपुरा, एकच मायक्रोफोन आणि मायक्रोफोनच्या पाच वेगवेगळ्या जागा असाव्यात. संगणकाने त्या दिवशी फक्त मुद्रण करावे, आणि पाचपैकी कोणत्या मुद्रणात स्वयंभू गंधार ऐकू येतो ते मुलांनी डोळे मिटून सांगावे. जवारी कानाने लावणारे कारागीर आमच्या शेजारी मिरजेत आजही काम करत आहेत. त्या पहिल्या धड्याला त्यांच्यापैकी एकाला सन्मानाने बोलवावे.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका, सांगली