अग्निवीरांना बेरोजगार भत्ता द्यावा

संपादक महोदय,

अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतील. योजनेच्या मूळ नियमानुसार त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान सैन्यात कायम होतील आणि बाकीचे ऐन विशी-पंचविशीत, निवृत्तिवेतन व उपदान (ग्रॅच्युइटी) यांविना घरी परततील. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे देणाऱ्या गावांना हा प्रश्न प्रथम जाणवेल.

सेवा संपताना सेवानिधी म्हणून एकरकमी सुमारे 11.71 लाख रुपये मिळणार असताना वेगळा भत्ता कशाला, असे विचारले जाते. परंतु या निधीत जवानाचे स्वतःचे पाच लाखांहून अधिक रुपये असतात. त्यासाठी दरमहा 30 टक्के वेतन कापले जात असल्याने पहिल्या वर्षी 30 हजारांपैकी 21 हजारच त्याच्या हाती पडतात. ही रक्कम पुढील शिक्षणासाठी किंवा धंद्याच्या भांडवलासाठी आहे. नोकरी मिळेपर्यंत घरखर्चासाठीच ती मोडावी लागली, तर तिचा मूळ हेतूच उरणार नाही.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. तथापि जाहिरात, लेखी व शारीरिक परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि नियुक्ती यांत सहज वर्ष जाते, आणि नेमक्या त्या काळात मिळेल ती सुरक्षारक्षकाची नोकरी पत्करलेल्या तरुणाला बारा तासांच्या पाळीनंतर अभ्यासाला वेळ उरत नाही. अशी गुणी मुले केवळ हातातोंडाची गाठ घालण्यात अडकून पडावीत, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे अशा मदतीची पद्धत मुळीच नाही असे नाही. राज्य कामगार विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गमावलेल्या पात्र कामगाराला 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. सैनिक मात्र त्या विम्याच्या कक्षेबाहेर आहेत. अमेरिकेत सेवामुक्त सैनिकांना राज्यांमार्फत बेरोजगार भत्ता दिला जातो आणि त्याचा भार संघराज्य सरकार उचलते.

त्याच धर्तीवर केंद्राने अग्निवीरांना अखेरच्या वेतनाच्या निम्मा भत्ता किमान सहा महिने द्यावा. त्यासाठीची नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात व्हावी, आणि ती सेवामुक्तीपूर्वीच पूर्ण करून घ्यावी, म्हणजे पहिल्या महिन्यापासून पैसे खात्यात जमा होतील.

आपला,
एक माजी सैनिक, सातारा