लाइन वाढवली, रांग तशीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत नेट का रखडते यावर लेख आला होता, त्याबद्दल थोडे. लेख सोपा आहे, आकृत्याही छान आहेत. पण ‘जास्त एमबीपीएसची (सेकंदाला जास्त मेगाबिटांची) लाइन घ्या, प्रश्न सुटेल’ हा त्यातला सल्ला वाचून राहवले नाही. मी नोकरीभर नेटवर्कच सांभाळले. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवरच माझा पगार चालला म्हणा ना.

लेखकाने नेटवर्कची तुलना रस्त्याशी केली आहे आणि इथेच गफलत झाली आहे. कोंडलेल्या रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात, गायब होत नाहीत. नेटवर्कवरची माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. ती थांबवून ठेवायच्या राउटरमधल्या मेमरीतली, म्हणजे बफरमधली जागा संपली की पुढचे पॅकेट तो सरळ टाकून देतो. पाठवणाऱ्या संगणकाला बहुधा तसे कळवतही नाही. ठरावीक वेळात पोच आली नाही की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा सोडतो. सगळेच असे करू लागले की आधीच तुंबलेल्या लाइनीत त्याच त्या पॅकेटांची भर पडते. लाइन १०० टक्के भरलेली, आणि पलीकडे नवे असे जवळजवळ काहीच पोचत नाही. जॉन नेगल या अभियंत्यांनी १९८४ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ४० बिट म्हणजे पाच रोमन अक्षरे; चिठ्ठी हातात घेऊन चालत गेले असते तरी लवकर पोचली असती.

यावरचा उपाय केबलमध्ये नव्हता, पाठवणाऱ्या संगणकांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी तो १९८८ मध्ये मांडला. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येत राहील तसे प्रमाण वाढवायचे, आणि पॅकेट हरवले की ती कोंडीची खूण समजून हात आखडता घ्यायचा. इंटरनेटवर पाठवण्या-पोचवण्याचे नियम ठरवणाऱ्या टीसीपीचा जुना, सरळ नियम असा: वाढवताना दर फेरीला (पॅकेट जाऊन पोच परत येते ती एक फेरी) एकेक पॅकेट, कमी करताना एकदम निम्मे.

हा नियम वरवर विचित्र वाटतो. वाढ मुंगीच्या पावलांनी आणि घट निम्म्याने, असे का? कागदावर मांडून पाहा. १०० एमबीपीएसची एक लाइन, तिच्यावर दोघे. एक ८० वापरतोय, दुसरा २०. लाइन भरली, दोघांचीही पॅकेटे गळाली, दोघे निम्म्यावर आले: ४० आणि १०. आता दोघे सारख्याच चालीने वाढतात, म्हणजे लाइन पुन्हा भरेपर्यंत प्रत्येकी २५ ने: ६५ आणि ३५. अंतर ६० होते, ३० झाले. पुढच्या खेपेला १५. वर कोणी बसून वाटणी करत नाही, दोघांना एकमेकांची माहितीसुद्धा नाही, तरी दोघे ५०-५० कडे सरकतात. (जाण्यायेण्याचा वेळ दोघांना सारखा लागतो असे यात धरले आहे, प्रत्यक्षात तसे नसते आणि जवळचा फायद्यात राहतो.) चिऊ आणि जैन या संशोधकांनी १९८९ मध्ये हे गणिताने दाखवले. माझ्या मते सगळ्या संगणकशास्त्रात इतकी सुंदर गोष्ट क्वचितच सापडेल, पण ते असो.

घोटाळा पुढे झाला. या पद्धतीत पॅकेट गळणे हाच इशारा. मेमरी स्वस्त झाली आणि पॅकेट गळणे वाईटच, असे समजून उपकरणांत भलेमोठे बफर घातले गेले. मग इशारा मिळतो कधी, तर रांग भरून वाहायला लागल्यावर. १० एमबीपीएसच्या अपलोडला १० लाख बाइटांचा बफर असेल आणि तो भरला असेल, तर रांगेत शेवटी आलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद नुसते ताटकळावे लागते. फाइल जात असेल तर कोणाला पत्ता लागणार नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले.

मी काम करत असे त्या एका कचेरीत नेमके हेच व्हायचे. बॅकअप सुरू झाला की सगळ्यांचे कॉल तुटायचे. साहेबांनी लाइन दुप्पट करून घेतली. कॉल तुटायचे ते तुटतच राहिले, फक्त बॅकअप लवकर संपू लागला. शेवटी आम्ही आमच्याच राउटरवर बाहेर जाणारा वेग लाइनीच्या वेगापेक्षा किंचित कमी बांधून घातला. त्यामुळे रांग पुरवठादाराच्या मोडेममध्ये न साचता आमच्या राउटरमध्ये येऊ लागली, आणि तिथे एफक्यू-कोडेल ही, प्रत्येक जोडणीची रांग वेगळी ठेवून ती आटोक्यात राखणारी पद्धत चालू होती. पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी पिंग चाचणी लावून मी बसले होते. बॅकअप चालू असताना जो आकडा सातशे-आठशे मिलिसेकंदांवर चढायचा, तो तिशीच्या आसपास राहिला. लाइन दुप्पट केली ते पैसे वायाच गेले म्हणायचे.

त्यातली कोडेल ही कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांची २०१२ ची पद्धत. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले ते बघते. तो वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की ती पॅकेटे टाकू लागते, आणि पाठवणाऱ्यांना इशारा वेळेवर मिळतो. पॅकेट न टाकता नुसती खूण करून कळवण्याची सोयही २००१ पासून प्रमाणित आहे. बॅकअपसारख्या बिनघाईच्या कामासाठी तर, विलंब वाढताच आपणहून मागे सरणारी लेडबॅट नावाची पद्धत २०१२ पासून लिहून तयार आहे.

लाइन खरोखरच अपुरी असेल तर ती वाढवावीच, याबद्दल वाद नाही. आणि हा सगळा संयम ऐच्छिक आहे हेही खरे: एकाच फाइलसाठी आठ-दहा जोडण्या उघडणारे डाउनलोड ॲप शेजाऱ्याचा वाटा खुशाल खाते, त्याला अडवणारे कोणी नाही. यावर लेखात एखादा परिच्छेद हवा होता.

एक विनंती. पुढच्या वेळी राउटरांची किंवा इंटरनेट योजनांची तुलना छापाल तेव्हा एमबीपीएसच्या शेजारी एक रकाना वाढवा: अपलोड पूर्ण जोरात चालू असताना पिंग किती मिलिसेकंद. मोजायला पाच मिनिटे पुरतात. विक्रेते हा आकडा आपणहून देणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त नेटवर्क व्यवस्थापक