बुवांची जागा

काळाचौकी, मुंबई

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई इकडच्या पावसाची चौकशी करते, म्हणून पत्र लिहीत आहे. आम्ही तिघा भावंडांनी रवींद्र नाट्य मंदिरातल्या भजनाच्या कार्यक्रमाला होकार कळवला आहे आणि त्या दिवशी बुवांच्या, म्हणजे मुख्य गायकाच्या, जागेवर पेटी घेऊन मी बसणार आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते. पण विचारले असते तर बाबा, "मीच गातो" असे तुम्ही नक्की म्हणाला असता आणि मला नाही म्हणता आले नसते.

तुमचा आवाज उतरला म्हणून हे ठरवले, असे कृपा करून मनात आणू नका. गिरणीतल्या कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ छातीत बसली आहे, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितले होते. सुरुवातीच्या रूपाच्या अभंगापासून शेवटच्या भैरवीपर्यंतचे गाणे त्या छातीला सोसणार नाही. धाकट्याने बुवा व्हावे असे तुमच्या मनात होते हे मी जाणते, पण त्याच्याशिवाय पखवाज कोण सांभाळणार? ताईनेच बसावे, असे तोच म्हणाला. तुमची काळी दोनची पट्टी सोडून मला उंच, काळी चार घ्यावी लागली, एवढाच बदल. चाली तुमच्याच आहेत, आणि गजर वाढवण्याआधी आई झांज क्षणभर धरून ठेवायची, तशीच आता आपली मधली बहीण धरते.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला आठवतो तो परळ स्टेशनबाहेरचा, आपण गायला बसायचो तो कोपरा. पाऊस आला की प्लास्टिक आधी पेटीवर पडायचे आणि उरले तर आमच्या डोक्यावर. आई, तू माझ्या गालात खडीसाखर सरकवून "चावू नको, विरघळू दे" म्हणायचीस. अजूनही गायला बसण्याआधी मला तीच लागते. आणि गणवेशातला एक माणूस "भीक मागायची तर दुसरीकडे जा" म्हणाला, ती संध्याकाळही मी विसरलेले नाही. बाबांनी घरी येऊन डब्यातली नाणी मोजली नाहीत, कोरड्या फडक्याने पेटीची एकेक पट्टी पुसत बसले. मोठेपणी मी १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा मुद्दाम वाचला. सार्वजनिक जागी गाण्याच्या निमित्ताने भिक्षा घेणे हेदेखील त्यात भीक मागणेच ठरते. परवा आलेल्या करारपत्रात मात्र आपल्या पाचही नावांपुढे 'कलाकार' आणि रकमेपुढे 'मानधन' असे छापले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. पहिले नाव बाबांचे आहे, ते मी काढू दिलेले नाही.

आता घरचे. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी या आठवड्यात बसेल, सुताराचे पैसे मी दिले आहेत, तुम्ही पुन्हा देऊ नका. गरम पाण्यासाठी आईने चूल पेटवायची नाही. त्यासाठी गीझर घेतला आहे आणि विजेच्या बिलाची चिंता आम्ही करू. बाबांनी श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. आई, तुझी रक्तदाबाची गोळी "आज बरे वाटते" म्हणून सोडायची नाही. रागावून लिहिते आहे असे वाटले तर क्षमा करा. तुम्ही दोघेच तिथे असता, म्हणून रात्री झोप लागत नाही.

कार्यक्रमाला तुतारी एक्स्प्रेसने या. धाकटा कुडाळला घ्यायला येईल, खालचेच बर्थ काढले आहेत. पहिल्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, म्हणजे खोकला आला तर बाबांना संकोच न करता बाहेर जाता येईल. गजराला मात्र टाळी तुम्हीच द्या.

आणि बाबा, पेटीचा मधला पंचम दमट हवेत अजूनही चिकटतो. तुम्ही तो पट्टीखाली काय घालून सोडवायचे, ते तेवढे फोन करून सांगा.

तुमची,
ताई