नव्या मशीनची किल्ली

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझं लाकूड कापायचं मशीन परवा वखारीत उतरलं. चार माणसं आणि एक चेनब्लॉक, अर्ध्या तासात काम झालं. तुझ्या आजोबांचा उभा बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत, बसवायला पाच दिवस लागले होते आणि पुरुषभर खड्डा. हे म्हणजे दोन रूळ, त्यावर सरकणारं डोकं आणि डोक्यावर पेट्रोलचं इंजिन. ओंडका जागेवर पडून राहतो, करवत त्याच्यावरून फिरते. आपल्या वखारीत आजवर लाकूड करवतीकडं जायचं, त्यामुळं म्हातारे गडी ते बघून हसले. मी हसलो नाही, पण खेळण्यासारखं दिसतं हे खरंच.

मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी महिनाभर धूळ आणि भुसा बंद सांगितलाय, म्हणजे तू पुण्याहून येऊन मशीन लावशील तेव्हा मी काळा गॉगल घालून घरात. फोनवर सांगायला गेलो की तू "हो अप्पा, हो अप्पा" करतेस. घरी बसून बोलावं तर तुझी आई समोर असते, आणि एक गोष्ट तिच्यासमोर सांगता येत नाही. ती पुढं येईल.

आधी कागद. विकणारा तुला म्हणाला म्हणे, पोर्टेबल आहे, परवाना लागत नाही. चाकं लावली म्हणून सॉ मिलचा हातगाडा होत नाही. 12 डिसेंबर 1996 ला जंगलतोडीच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, तेव्हापासून सॉ मिलवर कडक नजर आहे. 2016 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर अशा परवान्यांचं राज्य पातळीवरची समिती बघते. आपला परवाना जुना आहे. त्याच्या आधारानं नवं मशीन चालेल का, याचा अर्ज मी वनविभागात दिलाय. लेखी उत्तर हातात येईपर्यंत टाकीत पेट्रोल पडणार नाही. ट्रॉलीला जोडून मोहोळ-मंगळवेढ्याकडं शेतावर जाऊन कापून द्यायची तुझी कल्पना वाईट नाही, पण त्याचं विचारणं वेगळं करू. कुणी बांधावरचा आंबा, चिंच, जांभूळ घेऊन आला तर तोडीचा कागद आधी मागायचा, 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे. ओळखीचा असला तर दोनदा मागायचा.

तोवर तुला काम आहेच, जागेचं. मागच्या अंगणात लावायचं ठरवलंयस, तिथं खाली काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की चप्पल अडकते. रूळ आज पाणसळीत बसवलेस तरी मृगाच्या दोन पावसांनंतर एक टोक वर आलेलं असेल. रूळ वाकडा तर फळी वाकडी, आणि नवखा माणूस दोष ब्लेडला देतो. माती हातभर काढून मुरूम भर, पाणी मारून धुमसून घे, वर काँक्रीटची पट्टी टाक. रुळाखाली ठरावीक अंतरावर आधार दे, नाहीतर ओंडक्याच्या वजनानं मध्ये झोळ पडतो. पाणसळ आडवी-उभी दोन्हीकडं लाव, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून डोळा लावून बघ. पाणसळ एकेका जागेचं सांगते, दोरी सगळ्या रुळाचं सांगते. पाऊस झाला, मशीन हललं, जड ओंडका जोरात आदळला, की पुन्हा दोरी.

छप्पर कर, भिंती करू नकोस. पेट्रोल इंजिनाच्या धुरातला विषारी वायू कोंडला तर माणूस वास न येता कायमचा झोपतो. इंजिन गरम असताना पेट्रोल भरायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, तिथं इंजिनाला गार व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ चहा प्या. भुसा रोज उचलायचा. वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी, ढिगाच्या पलीकडं नाही.

आता ब्लेड. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, दीड इंच रुंदीची पट्टी. तिच्या कापात दोनेक मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, गोल करवतीत पाच-सहा जातं. एका ओंडक्यात दहा काप घेतलेस की इंच-सव्वा इंचाची एक फळी वाचली. याच हिशेबावर तू मला पटवलंस, ते कबूल. पण पातळ पट्टी म्हणजे नखरेही पातळ माणसासारखे. नवं ब्लेड गुंडाळी करून, तारेनं बांधून येतं, आणि तार सुटली की साप उसळावा तसं उसळतं. जाड हातमोजे, चष्मा, आणि आजूबाजूला कुणी नको. उलगडल्यावर दात चालीच्या दिशेला आहेत का बघ. उलटे दिसले तर घाबरू नकोस, पट्टीची आतली बाजू बाहेर कर, सरळ होतात. ताण मशीनच्या पुस्तकात दिलाय तेवढाच. पट्टी चाकांवर नीट चालते का ते आधी हातानं चाक फिरवून बघायचं, मग झाकणं लावायची, मग किल्ली. झाकण उघडं ठेवून "जरा बघते" नाही. काम करताना पट्टी तापून लांबते आणि ताण उतरतो, तो मधूनमधून बघावा लागतो. संध्याकाळी ताण सोडून ठेवायचा.

दात बोथट झाले की फळीवर लाटा येतात. तेव्हा जोर लावून ढकलायचं नाही, ब्लेड उतरवून धारेला द्यायचं. साबणाच्या पाण्याची धार चालू ठेव, चीक दातांत बसत नाही. पट्टीला सरळ धरणारा सरकता गाइड ओंडक्याच्या जितका जवळ तितकं बरं, बोट-दीड बोट जागा ठेवून. ब्लेड तुटलं तर ते पट्टीच्या रेषेतच बाहेर येतं, म्हणून त्या रेषेत तू नाहीस आणि कुणीच नाही. भुसा ज्या बाजूला उडतो तिथंही नाही.

ओंडक्याचं वजन लोकांना कळत नाही. आठ फूट लांब, दीड फूट जाड ओली बाभूळ म्हणजे 14 घनफूट, 400 किलोच्या घरात. उतारावरून चढवताना पलीकडचे अडसर आधी उभे कर, नाहीतर ओंडका मशीनवर चढून पलीकडं उतरतो. त्याच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, पहार सटकली म्हणून धरायला तर अजिबात नाही. सटकला तर सटकू दे, लाकूड आहे.

चढवण्याआधी मेटल डिटेक्टर फिरव. रस्त्याकडेच्या लिंबाला प्रत्येक निवडणुकीनं चार खिळे दिलेले असतात, आणि बांधावरच्या बाभळीत काटेरी तार अशी मुरते की वर साल धरते. लाकूड काळंनिळं दिसलं तर समज, आत लोखंड असू शकतं. मातीनं माखलेला ओंडका आधी धुवून, साल तासून घे. शेंड्याकडची बाजू बारीक असते, ती पाचरीनं उचल, म्हणजे गाभा रुळाशी सरळ होईल. वाकड्या बाभळीत ताण भरलेला असतो, एका बाजूनं कापत गेलीस तर फळी धनुष्यासारखी उठते आणि पट्टी दाबून धरते. एक-दोन काप काढ, ओंडका उलटा कर, पुन्हा काप.

ओंडका धरणारे शिकंजे घट्ट आहेत ना, आणि पट्टीच्या खाली आहेत ना, हे प्रत्येक कापाआधी बघायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. फळ्या निघत जातात तसा ओंडका खाली येतो आणि मघाशी बरोबर असलेला शिकंजा आता पट्टीच्या वाटेत असतो. काप पुरा झाला की फळी उचलल्याशिवाय, किंवा डोकं जरा वर घेतल्याशिवाय ते मागं आणू नकोस, साल पट्टीत अडकून पट्टी चाकावरून उतरते. मध्येच अडकलं तर इंजिन बंद, सगळं थांबलं की पाचर मारून मग हळूहळू मागं. फळी ओढणारा गडी डोकं थांबल्यावरच हात लावेल, हे पहिल्या दिवशी ठरवून टाक. तू मालकीण आहेस म्हणून ऐकतील, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागेल.

ओढणी नको, बांगड्या-अंगठ्या नकोत, केस टोपीत. चालत्या पट्टीपाशी हातमोजेही नकोत, ते फक्त ब्लेड हाताळताना. कानाला मफ लाव. मी चाळीस वर्षं लावले नाहीत म्हणून टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला जातो. तोंडाला चांगला मास्क. लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 1995 मध्येच सांगितलंय. आम्ही उपरणं बांधायचो आणि गूळ खायचो, आणि त्यानं छाती साफ होते असं समजायचो.

आता ती गोष्ट.

लहान होतीस तेव्हा विचारायचीस, अप्पा, तुमचं बोट कुठं गेलं? मी म्हणायचो, उंदरानं नेलं. मोठी झालीस तेव्हा सांगितलं, मशीन अचानक सुरू झालं. तुझ्या आईलाही तेवढंच माहीत आहे. मशीन सुरू झालं नव्हतं. 1988 चा मे, संध्याकाळ, शेवटचा ओंडका. बटण मी स्वतः बंद केलं. पण त्या बँडसॉची चाकं जड होती, बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहायची. मोटरचा आवाज गेला की कानाला वाटतं थांबलं. गाइडपाशी बाभळीची साल अडकली होती, दोरीसारखी लोंबत. ती ओढायला डावा हात घातला. दुखलं नाही. खालच्या भुशात लाल ओल पसरली तेव्हा कळलं.

बटणापाशी एक पोरगा झाडलोट करत होता, माझ्याच वयाचा. तुझे आजोबा धावत आले आणि मी दुसऱ्या हातानं त्याच्याकडं दाखवून म्हणालो, यानं बटण दाबलं. तो "नाही, नाही" म्हणत राहिला. आजोबांनी आठवड्याचे पैसे हातावर ठेवून त्याला त्याच रात्री काढलं. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेत तो भेटतो, मुलाबाळांचं विचारतो. माझ्या हाताकडं बघत नाही.

म्हणून वैशू, किल्ली. इंजिन बंद केलंस की किल्ली काढून तुझ्या खिशात, खुंटीवर नाही. मग झाकणाच्या फटीतून चाक डोळ्यांनी बघायचं, कानानं नाही. ते पूर्ण थांबलं की साल काढ, भुसा झाड, ब्लेड बदल. झाडायलाही ब्रश किंवा काठी, हात नाही. किल्ली तुझ्या खिशात असली की दुसऱ्या कुणी सुरू केलं, असं तुलाही कधी म्हणता येणार नाही.

एक डबा शेडमध्ये ठेव: स्वच्छ कापड, पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्या. रक्त आलं तर जखमेवर कापड घट्ट दाबून धरायचं आणि दवाखान्यात पळायचं. काही तुटलंच तर तो तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर, बर्फात सरळ नाही. आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. माझा तुकडा भुशातच राहिला आणि सकाळी भुसा वीटभट्टीला गेला.

दारात पडलेला लिंबाचा मोठा ओंडका पहिल्यांदा घेऊ नकोस, बॅनरचा आहे तो. कोपऱ्यातली सुबाभूळ घे, सरळ आहे आणि फार जड नाही. पहिली फळी घरी घेऊन ये, डोळ्याला पट्टी असली तरी बोट फिरवून लाटा कळतात मला.

तुझे अप्पा

ता. क. मशीनबरोबर दोन किल्ल्या आल्या आहेत. दुसरी माझ्याकडं राहील.